लुंबिनीचा एक दिवस आणि एक थकीत वचन

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात कन्हान येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीच्या मंडळींनी मला सांगितले की, तुम्ही लुंबिनीला जाऊन आलेले आहात, तेव्हा त्यावर बोला. मी विद्वान नाही. बँकेत कारकून आहे. बी.ए. झालो तो मराठी आणि राज्यशास्त्र घेऊन. दिवसभर व्हाउचर, नोंदी आणि सह्या यांच्यात जातो. त्यामुळे मी जे बोलेन ते एका कारकुनाचे बोलणे समजून ऐकावे. माझी सहचारिणी समोर महिलांच्या बाजूला बसलेली आहे. काही चुकले तर ती मला इथेच थांबवील, अशी तिला पूर्ण मुभा आहे.

आमचे लग्न डिसेंबर २००८ मध्ये झाले. बँकेत आठ दिवसांची रजा मिळाली होती. आपल्या भागातील रिवाज आपणास माहीत आहे. ज्याला थोडे परवडते तो लग्नानंतर पचमढीला जातो, फार तर चिखलदऱ्याला. बँकेतल्या मित्रांनी पचमढीच्या हॉटेलचे पत्तेसुद्धा काढून दिले होते. परंतु माझ्या पत्नीने लग्नाआधीच एक इच्छा बोलून दाखविली होती. ती म्हणाली, "फिरायला जायचेच असेल तर लुंबिनीला जाऊ." तिचे माहेर पवनीचे. बी.ए.ला तिने पाली विषय घेतलेला होता. जगन्नाथ टेकडीच्या गोष्टी ऐकतच ती लहानाची मोठी झाली.

घरात हे कळले तेव्हा आई म्हणाली, "लोकं पचमढीले जातात, अन् हे दोघं पोथी शिकाले चालले!" बाबा खाणीतून निवृत्त झालेले. ते फारसे बोलत नसत. त्यांनी एवढेच विचारले, "परदेशात जायला पासपोर्ट लागत नाही का?" मुंबईवरील हल्ल्याला महिनाही झाला नव्हता, त्यामुळे सीमेपलीकडे जाण्याची धास्ती त्यांना वाटणे साहजिक होते. मी त्यांना सांगितले की, भारतीय माणसाला नेपाळात जायला पासपोर्ट वा व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र पुरते. बँकेतले मित्र मात्र पुढे कित्येक दिवस मला "फॉरेन हनिमूनवाले" म्हणूनच हाक मारत होते.

नागपूरहून राप्तीसागर एक्सप्रेसने आम्ही गोरखपूरला गेलो. डिसेंबरातले उत्तर प्रदेशचे धुके ज्याने पाहिले नाही त्याला सांगून खरे वाटणार नाही. गाडी इतकी रखडली की एक पूर्ण दिवस वाया गेला. हाती उरला एकच दिवस. त्याच दिवशी सकाळी जाऊन रात्री परतायचे असे ठरले. लॉजवाल्याने सांगितले की, पाचशेच्या नोटा तिकडे नेऊ नका, शंभराच्याच न्या. मी बँकेतला माणूस, पण हे मला ठाऊक नव्हते.

गोरखपूरहून सोनौली सुमारे शंभर किलोमीटर. पहाटेची बस धुक्यातून चाचपडत गेली. सोनौलीला एक कमान आहे. कमानीखालून माणसे, सायकली, रिक्षा, ट्रक सगळे एकमेकांना ढकलत जात होते. आम्ही पायीच त्या कमानीतून गेलो आणि परदेशात पोहोचलो. कुणी आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पलीकडे शंभर रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये मिळाले. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. मी नोटा दोनदा मोजल्या, ही सवयच आहे. पत्नीने एका पाटीकडे पाहून मनगटावरचे घड्याळ पंधरा मिनिटे पुढे केले. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे. ती म्हणाली, "तुम्हीही करून घ्या." मी म्हणालो, "एका दिवसासाठी काय करायचे?" ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मला परत यायचे आहे.

सीमेपासून भैरहवा चार-पाच किलोमीटर, आणि भैरहव्याहून लुंबिनी सुमारे बावीस किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही बाजूला सपाट शेते, धान कापून झालेले, कडेला तणसाचे ढीग. हिमालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ येतो. लुंबिनीचा प्रदेश मात्र तराईचा, आपल्या भंडाऱ्याकडच्या धानपट्ट्यासारखाच. पत्नी म्हणाली, "हे तर आमच्या पवनीसारखेच आहे." मला ते ऐकून बरे वाटले. बुद्ध कुठल्या अद्भुत लोकात जन्मले नाहीत. धानाच्या शेतांमध्ये, आईच्या प्रवासात, वाटेवरच्या एका बागेत जन्मले.

मित्रहो, आता स्थळाविषयी थोडे सांगतो.

लुंबिनीचा परिसर फार मोठा आहे. जपानी वास्तुशिल्पकार केन्झो टांगे यांनी त्याचा आराखडा केला आणि तो १९७८ मध्ये मंजूर झाला. मधून एक सरळ कालवा जातो. त्याच्या एका बाजूला थेरवादी देशांचे विहार आणि दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे. या कामामागे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस, ब्रह्मदेशाचे ऊ थांट यांची प्रेरणा होती. १९६७ साली ते लुंबिनीला आले होते. १९९७ साली युनेस्कोने लुंबिनीला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

मुख्य स्थान म्हणजे मायादेवी मंदिर. आज दिसते ती पांढरी इमारत २००३ सालची आहे. ती खऱ्या अर्थाने मंदिर नसून जुन्या अवशेषांवर घातलेले छप्पर आहे. आत विटांचे जुने पाये दिसतात आणि त्यांच्या कडेने लाकडी पुलावरून चालायचे असते. नव्वदच्या दशकातील उत्खननात तिथे एक शिळा सापडली. १९९६ मध्ये ती जाहीर करण्यात आली. बुद्धजन्माची जागा दाखविणारी खूणशिळा म्हणून ती काचेखाली ठेवलेली आहे. पुढे आणखी उत्खनन झाले आणि २०१३ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. विटांच्याही खाली लाकडी बांधकामाच्या खुणा मिळाल्या आणि त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे जातो, असे उत्खनन करणाऱ्यांचे म्हणणे आहे. त्यावर विद्वानांत चर्चा चालू आहे. मंदिराबाहेर पुष्करिणी तलाव आहे आणि पश्चिमेला उभा आहे सम्राट अशोकाचा स्तंभ.

त्या स्तंभापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार होत आली होती आणि धुके विरळ होत होते. स्तंभाभोवती लोखंडी कठडा आहे. जवळ एका पाटीवर लेखाचा अनुवाद दिलेला आहे. मी पाटी वाचली, स्तंभाला वंदन केले, कॅमेरा काढला आणि म्हणालो, "चल, फोटो काढू." पत्नी माझ्याकडे पाहतच नव्हती. ती कठड्याला टेकून दगडावरची अक्षरे वाचत होती. ओठ हलत होते. थोड्या वेळाने ती मोठ्याने म्हणाली, "हिद बुधे जाते."

मी विचारले, "काय म्हणालीस?" ती म्हणाली, "इथे बुद्ध जन्मले. तसे लिहिले आहे. ते पाहा, तो चौकोन म्हणजे ब. खाली लहान रेघ दिली की बु. ते अर्ध्या भाकरीसारखे दिसते ते ध. डोक्यावर डावीकडे रेघ आली की धे. बुधे."

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. त्या क्षणी मला आनंद झाला आणि लाजही वाटली. मी पाटी वाचून समाधान मानले होते. ती सव्वादोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली अक्षरे थेट वाचत होती. लहानपणापासून आपण म्हणत आलो की आपला इतिहास लिहिला गेला नाही. आणि इथे तो दगडावर कोरलेला होता, मलाच वाचता येत नव्हता.

शेजारी नेपाळी शाळेतल्या मुलांची सहल आली होती. निळे स्वेटर घातलेली दहा-बारा वर्षांची मुले. पत्नीचे बोट ज्या अक्षराकडे जाई तिकडे ती मुले पाहू लागली. मग तिने हिंदीतून त्यांना तीन-चार अक्षरे शिकविली. "बु-धे, बु-धे" असे मुले ओरडू लागली तेव्हा त्यांच्या मास्तरांनी हात जोडले. माझ्याजवळ तो एक फोटो आहे. त्यात स्तंभ अर्धाच आला आहे, पण मुले सगळी आली आहेत.

आता त्या लेखात काय आहे ते सांगतो, कारण माझे पुढचे बोलणे त्यावरच उभे आहे.

लेख जेमतेम पाच ओळींचा आहे. लिपी ब्राह्मी. अशोक स्वतः आपल्या लेखांना धम्मलिपी म्हणतो. भाषा पूर्वेकडची प्राकृत, जिच्यात र च्या जागी ल येतो. म्हणून राजाने हे 'लाजिन' असे लिहिलेले आहे. लेखाचा आशय असा : राज्याभिषेकाला वीस वर्षे झालेली असताना राजा स्वतः इथे आला. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून त्याने या स्थळाचा गौरव केला आणि शिलास्तंभ उभारला. आणि शेवटी, भगवान इथे जन्मले म्हणून लुंबिनी गाव बलीमुक्त केले आणि ते आठव्या भागाचे केले. मूळ शब्द आहेत, 'लुंमिनिगामे उबलिके कटे अठभागिये च'.

हे शब्द नीट ऐका. वीसति म्हणजे वीस. गामे म्हणजे गाव. अठ म्हणजे आठ. भाग तर भागच. ही भाषा आपल्यापासून दूर आहे का? आपली आजी जात्यावर जी बोली बोलत होती तिचे हे जुने नातलग आहेत.

बली म्हणजे एक जुना कर. तो अशोकाने माफ केला. पिकाचा राजाला द्यायचा वाटा जुन्या ग्रंथांत साधारणपणे सहावा सांगितलेला आहे. तो कमी करून आठवा केला, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. मी कारकून असल्यामुळे लगेच हिशेब केला. एखाद्या शेतकऱ्याला चोवीस पोती धान झाले तर सहाव्या भागाने चार पोती राजाकडे जातील. आठव्या भागाने तीन. म्हणजे एक पोते धान दरवर्षी त्याच्या घरात राहिले. वर बलीही माफ. राजा आला, वंदन करून निघून गेला, पण लुंबिनीच्या शेतकऱ्याच्या कोठीत एक पोते ठेवून गेला.

विद्यार्थी विचारतील, या नोंदीवर विश्वास कशावरून ठेवायचा? प्रश्न योग्य आहे. बँकेत एका सहीवर मोठी रक्कम जात नाही, दुसऱ्याची सही लागते. हा स्तंभलेख डिसेंबर १८९६ मध्ये उजेडात आला. नेपाळचे जनरल खड्ग शमशेर राणा आणि पुरातत्त्व खात्याचे डॉ. फ्युरर यांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. लेख जमिनीखाली गाडला गेला होता, माती काढल्यावर तो दिसला. पुढे याच फ्युररचे दुसरे काही दावे खोटे ठरले आणि १८९८ साली त्याला नोकरी सोडावी लागली. तेव्हा त्याच्या एकट्याच्या सहीवर आपण विसंबून राहू नये. पण दुसरी सही आहे. सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएन त्संग या प्रदेशात आला होता. लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे, त्यावर घोड्याची आकृती होती आणि वीज पडून तो मधोमध मोडला, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्याही आधी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान येऊन गेला होता. स्तंभाच्या वरच्या भागावर रिपुमल्ल नावाच्या राजाने १३१२ साली आपली नोंद कोरून ठेवली आहे. आणि आजूबाजूचे लोक तर त्या जागेला रुम्मिनदेई म्हणतच होते. लुंमिनीची रुम्मिन झाली, एवढाच फरक. बुद्धाचे नाव विसरलेल्या गावाने बुद्धाच्या जन्मगावाचे नाव मात्र जपले होते.

आपल्याला नेपाळ परका वाटू नये याचे आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर अवघ्या एका महिन्यात, प्रकृती ढासळलेली असताना, ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. माईसाहेब सोबत होत्या. बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावरचे त्यांचे प्रसिद्ध भाषण तिथलेच. पुढच्या ६ डिसेंबरला ते आपल्यातून गेले. शेवटच्या दिवसांतही हा माणूस विद्वानांपुढे पुरावे मांडत होता.

आता घड्याळाच्या गोष्टीकडे येतो.

चार वाजता फाटकापाशी भैरहव्याची बस मिळेल असे सांगितले होते. पत्नीने मला दोनदा आठवण केली. मी माझ्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "अजून वेळ आहे, हे बँकेचे घड्याळ आहे." आम्ही बरोबर चार वाजता फाटकाबाहेर आलो. बस पंधरा मिनिटांपूर्वी गेली होती. पत्नी काही बोलली नाही, फक्त आपले मनगट माझ्यासमोर धरले.

दुसरी गाडी यायला तास होता. समोरच्या टपरीवर बाकड्यावर बसून आम्ही चहा घेतला. धुके पुन्हा उतरू लागले होते. मी तिला विचारले, "ब्राह्मी तू कुठे शिकलीस?" ती म्हणाली, "बी.ए.ला थोडे होते. पुढे एम.ए.ला शिलालेख पूर्ण असतात. पण एम.ए. कुठे झाले? फॉर्म आणला होता, तेवढ्यात तुमचे स्थळ आले." हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. गाडी चुकली असे सांगावे तसे सांगितले.

मी तिथेच म्हणालो, "जूनमध्ये तुझा एम.ए.चा फॉर्म भरायचा. हे माझे वचन." लुंबिनीच्या फाटकासमोर, त्या स्तंभापासून हाकेच्या अंतरावर, मी हे वचन दिले. तिने मान डोलावली आणि चहाचे पैसे दिले, कारण माझ्याकडचे नेपाळी रुपये संपले होते.

रात्री उशिरा गोरखपूरला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. माझी रजा संपली.

मित्रहो, पहिल्या जूनमध्ये माझ्या शाखेत बदली झाली. दुसऱ्या जूनमध्ये घरी बाळ येणार होते. तिसऱ्या जूनमध्ये मुलगी लहान होती. नंतर आईचे गुडघ्याचे आपरेशन. त्यानंतर घराचे बांधकाम. दरवर्षी जून येत होता आणि दरवर्षी काहीतरी निघत होते. ती एकदाही म्हणाली नाही की तुम्ही शब्द दिला होता. लोकांत मात्र मी अभिमानाने सांगत असे की आम्ही हनिमूनला लुंबिनीला गेलो. दिवाणखान्यात तो शाळकरी मुलांचा फोटो लावला होता. पाहुणे आले की मी फोटो दाखवी, आणि ती आतून चहा आणी.

बँकेत ज्या कर्जाचा हप्ता ठरल्या तारखेला येत नाही त्याला आम्ही थकीत म्हणतो. तीन महिने हप्ता आला नाही की ते खाते बुडीत कर्जाच्या वाटेवर धरले जाते. माझे वचन नऊ वर्षे थकीत होते.

२०१८ साली माझ्याच टेबलावर एका मुलीचे शैक्षणिक कर्जाचे प्रकरण आले. तिच्या शिक्षणात दोन वर्षांचा खंड होता. मी सवयीने विचारले, "हा गॅप कशाचा?" तिचे वडील सोबत होते. ते खाली पाहून म्हणाले, "साहेब, आमच्याच घरचं कारण होतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याच जूनमध्ये मी फॉर्म आणला.

फॉर्मसोबत खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र लागते, ज्याला आपण गॅप सर्टिफिकेट म्हणतो. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याने विचारले, "कारण काय लिहू?" मी काही बोलायच्या आत त्यानेच टाइप करून टाकले, "घरगुती कारण". सगळ्यांच्या कागदावर तो तेच लिहितो. मी तो कागद हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. मित्रहो, ते घरगुती कारण म्हणजे मी होतो.

तिने दोन वर्षे सकाळी स्वयंपाक करून कन्हानहून नागपूरची बस धरली. पहिल्या दिवशी सर्वांत जास्त बोलली ती आई. म्हणाली, "जा बाई तू, पोरीचं मी पाहतो." जिने पोथी शिकायला चालले म्हणून हसून घेतले होते तीच आई डबा भरून देऊ लागली. २०२० साली कोरोनामुळे परीक्षा लांबली आणि शेवटचे पेपर तिने घरी बसून मोबाईलवर दिले. त्या दिवशी रेंज जाऊ नये म्हणून आमची मुलगी गच्चीच्या पायरीवर बसून पहारा देत होती. आज ही उपासिका एम.ए. पाली आहे आणि दर रविवारी विहारात मुलांना धम्मलिपीचे वर्ग घेते. इथे बसलेल्या काही मुलांना तो चौकोन म्हणजे ब हे ठाऊक आहे, ते तिच्यामुळे. मी पण त्याच वर्गात मागच्या रांगेत बसतो. मला अजून जोडाक्षरे जमत नाहीत.

हे सर्व मी स्वतःची गोष्ट सांगण्यासाठी सांगितले नाही. लुंबिनीच्या लेखाने मला जे शिकविले ते आपणापुढे ठेवायचे आहे.

आता लुंबिनीला जाणे सोपे झाले आहे. २०२२ साली भैरहव्याला आंतरराष्ट्रीय विमानतळही सुरू झाला. आपल्या वस्तीतून दरवर्षी मंडळी बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनीला जातात. जावेच. फोटो काढावेत, फुले वाहावीत. परंतु परत आल्यावर एक प्रश्न स्वतःला विचारावा. अशोकानेही फुले वाहिली असतील, पण त्याने ते दगडावर लिहिले नाही. त्याने लिहिलेल्या गोष्टींपैकी दोन पाहा. एक, इथे बुद्ध जन्मले, ही इतिहासाची नोंद. दुसरी, इथल्या माणसाचा भार इतका कमी केला, ही कृतीची नोंद. आपण तीर्थाहून आलो आणि आपल्या घरातल्या एखाद्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे आठव्या भागानेही कमी झाले नाही, तर आपल्या खात्यावर भेटीची नोंद होते, जमा काहीच होत नाही.

म्हणून मी दोन विनंत्या करतो. पहिली विद्यार्थ्यांना. लुंबिनीला जायला पैसे लागतात, पण पवनीला जायला फारसे लागत नाहीत. नागपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटर. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी मिळून तिथे उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडीखाली प्राचीन स्तूप निघाला. त्याच्या दगडांवर ब्राह्मी लेख मिळाले. आधी ते पाहा. अक्षरे शिका. आपल्या वैनगंगेच्या काठचा दगड वाचता आला की लुंबिनीचा दगड तुम्हाला आपोआप हाक मारील.

दुसरी विनंती माझ्या वयाच्या पुरुषांना. आपल्या घरात एखादी सून, एखादी बहीण, एखादी पत्नी आहे जिच्या कागदावर कुणीतरी "घरगुती कारण" असे टाइप करून ठेवले आहे. जून जवळ येतो आहे. घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करून घ्या. माझ्यासारखी बस चुकवू नका.

 समोरून मला एकदाही थांबविण्यात आले नाही; आता मीच थांबतो.

नमो बुद्धाय! जयभीम! जय भारत!